ऐकणे हेही कायकच



श्रावणमास आला की गावोगावच्या मठांतून प्रवचनांना प्रारंभ होतो. बसव जयंतीला, मठाच्या वार्षिकोत्सवाला व्याख्यानमाला भरतात. या मालेतील एक दिवस बहुधा ‘सर्वधर्म समन्वय’ या विषयासाठी राखून ठेवलेला असतो. त्या दिवशी व्यासपीठावर स्वामीजींच्या शेजारी मौलवीसाहेब बसतात, चर्चचे फादर बसतात, कधी बौद्ध भिक्खू तर कधी गुरुद्वाऱ्याचे ज्ञानी असतात. हारतुरे होतात, शाल-श्रीफळ दिले जाते, छायाचित्र निघते. मग आपले मुख्य वक्ते तासभर सांगतात की सर्व धर्मांची शिकवण एकच आहे. पाहुण्यांच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटे येतात. तेही संकोचाने यजमानांची स्तुती करतात आणि खाली बसतात. मंगलारती होते, प्रसाद होतो आणि सारे आपापल्या घरी जातात.

वाचकहो, अशा सभेहून परतल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारून पाहा. त्या पाहुण्याच्या धर्माविषयी काल मला जे माहीत नव्हते, असे आज मला काय कळले? प्रामाणिकपणे उत्तर दिले तर बहुतेकांना ‘काहीच नाही’ असे म्हणावे लागेल. मग ती सभा कशासाठी झाली? आपण उदार आहोत हे आपणच आपल्याला सांगण्यासाठी की काय?

हा टीकेचा विषय नाही, आत्मपरीक्षणाचा आहे. अशा सभा व्हायलाच हव्यात, आणि आजच्या काळात तर त्यांची गरज अधिकच आहे. परंतु त्यांचे फळ व्यासपीठावरच्या वाणीत नसून समोर बसलेल्यांच्या कानात असते. या पाठात आपण एवढ्याच एका गोष्टीचा विचार करू.

सोसणे आणि समजणे

‘सहिष्णुता’ हा शब्द ‘सह्’ या धातूपासून आला. सह् म्हणजे सहन करणे, सोसणे. उन्हाळा सोसावा लागतो, दाढदुखी सोसावी लागते. शेजारच्या माणसाच्या धर्माविषयीही आपली वृत्ती ‘चालले आहे ते चालू द्या, आपण सोसू’ एवढीच असेल, तर ती वैरापेक्षा निश्चितच बरी. परंतु जो केवळ सोसतो त्याच्या मनात हिशेब चालू असतो. एक दिवस तो म्हणतो, ‘फार सोसले, आता पुरे!’ त्या दिवशी सोसण्याचा बांध फुटतो.

समजण्याचे तसे नाही. शेजाऱ्याच्या घरी रोजा का धरतात, चर्चमध्ये नवजात बालकाच्या मस्तकी जल का घालतात, हे ज्याने त्यांच्याच तोंडून ऐकले, त्याला सोसावे असे काही उरत नाही. शरणांच्या परंपरेत यासाठी ‘अनुभाव’ हा शब्द आहे. एकट्याने घेतलेला तो अनुभव, आणि चौघांत बसून, बोलून, विचारून, उत्तर देऊन जो पारखला जातो तो अनुभाव. कल्याणच्या सभेला अनुभव मंटप म्हणतात. तेथे आसन एक होते, पण बोलणारा एक नव्हता.

दारात उभा कोण?

म. बसवेश्वरांचे एक वचन आपल्या सर्वांच्या ओठांवर आहे. हा कोणाचा, असे कोणी म्हणू नये, हा आमचाच असे म्हणावे, अशी त्यात कूडलसंगमदेवाला विनवणी आहे. समन्वयाच्या प्रत्येक सभेत हे वचन म्हटले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु आपण ते बहुधा यजमानाच्या भूमिकेतून म्हणतो. आम्ही मोठ्या मनाचे, आम्ही सर्वांना आपले म्हणतो, असा त्याचा अर्थ लावतो.

आता वचनाचा रोख नीट पाहा. बसवण्णा तेथे घराचे मालक होऊन बोलत नाहीत. आपल्याविषयी लोकांनी तो प्रश्न विचारू नये, देवाच्या घरचा मुलगा म्हणून आपल्याला ओळखावे, असे त्यांचे मागणे आहे. म्हणजे ते उंबरठ्याच्या आत नसून बाहेर उभे आहेत! मंगळवेढ्यास आणि पुढे कल्याणास बिज्जळाच्या दरबारी अधिकाराची मोठी पदे भोगलेला हा पुरुष. ‘तू कोणाचा?’ असे त्यांना विचारण्याची हिंमत कोणाची होती? तरीही त्यांनी स्वतःला परक्याच्या जागी उभे केले आणि त्याला काय वाटते ते जाणून घेतले.

म्हणून या वचनाचा पहिला पाठ असा की, दुसऱ्याला आपले म्हणण्याआधी त्याच्या जागी उभे राहून पाहावे. समन्वयाच्या सभेत त्या मौलवीसाहेबांच्या खुर्चीवर आपण बसलो आहोत असे क्षणभर समजा. आपल्या इष्टलिंगाविषयी, लिंगदीक्षेविषयी दुसराच कोणी तासभर बोलतो आहे, आणि आपल्याला शेवटी दहा मिनिटे आहेत. कसे वाटेल?

शिकागोची सभा

सर्व धर्मांच्या व्याख्यानांचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतील शिकागोची १८९३ सालची सर्वधर्म परिषद. ११ सप्टेंबरपासून २७ सप्टेंबरपर्यंत ती चालली. चार्ल्स बॉनी या वकील गृहस्थांची ती कल्पना, आणि जॉन हेन्री बॅरोज हे पाद्री तिचे प्रमुख संयोजक. पहिल्या दिवशी दहा धर्मांच्या सन्मानार्थ घंटेचे दहा ठोके देण्यात आले. वादविवाद करायचा नाही, प्रत्येकाने आपल्या धर्माचे मंडन करावे, दुसऱ्याचे खंडन करू नये, असा तेथील नियम होता.

स्वामी विवेकानंद या सभेने जगाला माहीत झाले, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. पण भारतातून गेलेले ते एकटेच नव्हते. जैन धर्माविषयी वीरचंद गांधी बोलले, ब्राह्मसमाजातर्फे प्रतापचंद्र मुजुमदार बोलले. मुंबईहून बी. बी. नगरकर गेले होते. त्यांनी भारतातील समाजसुधारणेविषयी निबंध वाचला. मुंबईच्याच जीन सोराबजी या ख्रिस्ती भगिनी भारतीय स्त्रियांविषयी बोलल्या. श्रीलंकेचे अनागारिक धर्मपाल बौद्धांतर्फे उभे होते. ज्यांच्याविषयी तोवर केवळ प्रवाशांची आणि मिशनऱ्यांची वर्णने वाचायला मिळत, ती माणसे समोर उभी राहून स्वतः बोलू लागली. त्या परिषदेचे खरे महत्त्व येथे आहे.

परंतु तिची उणी बाजूही आपण पाहिली पाहिजे, कारण शिकवण तेथेच आहे. इंग्लंडच्या कँटरबरीच्या आर्चबिशपांनी तीत भाग घेण्याचे नाकारले. अशा सभेत बसणे म्हणजे सर्व धर्मांची बरोबरी मान्य करणे, असे त्यांना वाटले. इस्लामतर्फे मुख्यतः अलेक्झांडर रसेल वेब बोलले. ते स्वतः इस्लाम स्वीकारलेले अमेरिकन गृहस्थ होते. मुस्लिम देशांतील थोर विद्वान तेथे दिसले नाहीत. आणि ज्या भूमीवर ती परिषद भरली, त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचे काय? त्यांच्या धर्माविषयी निबंध वाचला गेला, पण तो ॲलिस फ्लेचर या गोऱ्या विदुषीने. सहानुभूती होती, अभ्यास होता. पण ज्यांचा तो धर्म, ते व्यासपीठावर नव्हते.

म्हणजे जगातल्या एवढ्या मोठ्या सभेतही आपल्या मठातल्यासारखीच चूक झाली. दुसऱ्याविषयी प्रेमाने बोलणे निराळे आणि दुसऱ्याला बोलू देणे निराळे.

विवेकानंदांची गोष्ट सांगताना आपण पहिल्या दिवसाच्या टाळ्या सांगतो आणि थांबतो. त्यांनी २० सप्टेंबरला काय सांगितले ते क्वचितच सांगतो. भारताला आज धर्माची उणीव नाही, उपाशी माणसाला अन्न हवे आहे, असे त्यांनी त्या श्रोत्यांना स्पष्ट सुनावले. म्हणजे त्यांनी केवळ गोड बोलून टाळ्या घेतल्या नाहीत, ऐकणाऱ्याला बोचेल असे खरेही सांगितले. आणि शेवटच्या दिवशी बजावले की, कोणी आपला धर्म सोडून दुसऱ्याचा घ्यावा असे माझे म्हणणे नाही. प्रत्येकाने दुसऱ्याचे सत्त्व आत्मसात करावे आणि आपल्या धर्माच्या नियमाप्रमाणेच वाढावे.

बडोदे आणि जमखंडी

शिकागो दूर राहिले, आपल्या जवळचे पाहू. बडोद्याच्या वाचकांना हे सांगायला नको की, श्रीमंत सयाजीराव महाराजांनी धर्माकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहिले. त्यांच्या बडोदे कॉलेजात आल्बन विजरी हे इंग्रज प्राध्यापक धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवीत. संस्थानाच्या खर्चाने अशा अभ्यासाची सोय करणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे १९३३ साली शिकागोतच पुन्हा विश्वधर्म परिषद भरली, तेव्हा उद्घाटनाचे भाषण सयाजीराव महाराजांनी केले.

दुसरे उदाहरण आपल्या सीमाभागातलेच आहे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म १८७३ साली जमखंडीला झाला. १९०१ साली ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करण्यासाठी गेले. १९०३ साली ॲम्स्टरडॅम येथे भरलेल्या उदार धर्मवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी भारतातील उदार धर्माविषयी निबंध वाचला. पंडित म्हणून मिरविण्यास एवढे पुरेसे होते. पण मायदेशी परतल्यावर त्यांनी काय केले? प्रार्थनासमाजाचे प्रचारक म्हणून काम करता करता १९०६ साली मुंबईत अस्पृश्य बांधवांसाठी निराश्रित साहाय्यकारी मंडळी उभी केली. घरच्या माणसांसह ते त्या कामात उतरले. युरोपच्या व्यासपीठावर जे मांडले, ते त्यांनी आपल्या देशातील वस्तीत जाऊन आचरले.

व्याख्यानाची खरी परीक्षा सभागृहात होत नाही. सभागृहाचे दिवे मालवल्यानंतर वक्ता कोणत्या वाटेने जातो आणि श्रोता कोणत्या वाटेने जातो, यावर ती अवलंबून असते.

सोन्नलगीचे दगड

कोणी म्हणेल, पाहुणा काही टोचणारे बोलला तर? सभेत गोंधळ झाला तर? म्हणूनच तर आम्ही प्रश्नोत्तरे ठेवत नाही!

या शंकेला शून्यसंपादनेतील एक प्रसंग उत्तर देतो. अल्लमप्रभू फिरत फिरत सोन्नलगीला, म्हणजे आजच्या सोलापूरला आले. शिवयोगी सिद्धरामेश्वरांचे तलावाचे काम चालू होते, शेकडो माणसे खपत होती. अल्लमांनी तेथे सिद्धरामांविषयी अवमान वाटावा असे शब्द उच्चारले. ते ऐकून कामकऱ्यांचा संताप अनावर झाला आणि त्यांनी दगड उचलले. स्वतः सिद्धरामही रागानेच आले. पण पुढे दगडांची जागा प्रश्नांनी घेतली. तलाव बांधणे हे पुण्य आहे, पण बांधणाऱ्याचे ‘मी’पण त्यात उरले तर काय? असा त्या संवादाचा गाभा आहे. शेवटी दोघे मिळून कल्याणची वाट चालू लागले.

येथे तीन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली अशी की, संवादाची सुरुवात गोड झाली नाही. ती दुखावणारी होती. दुसरी अशी की, राग आला म्हणून सिद्धरामांनी पाठ फिरविली नाही. आणि तिसरी अशी की, ज्याला प्रश्न विचारला गेला त्याला उत्तर देण्याचा पूर्ण अधिकार मिळाला. सोलापूरच्या मंदिराभोवतीचा तलाव आजही आहे. एका कठोर प्रश्नाने चांगले काम बुडत नाही, याची ती साक्षच समजा.

शरणांच्या मेळ्यात उत्तर देण्याचा हा अधिकार सर्वांना होता. अक्कमहादेवी कल्याणास आल्या तेव्हा अल्लमांनी त्यांना कठोर प्रश्न विचारले आणि त्यांनी तितक्याच तेजस्वीपणे उत्तरे दिली. आयदक्की मारय्या गरजेपेक्षा अधिक तांदूळ वेचून घरी आले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्कम्मा यांनीच त्यांची चूक दाखवून दिली. आपल्या आजच्या सभेत प्रश्न विचारायला किती भगिनी उभ्या राहतात, हे आपणच मोजून पाहावे.

गदगचा दाखला

हे सारे बाराव्या शतकात शक्य होते, आज नाही, असेही कोणी म्हणेल. त्यासाठी गदगकडे पाहा. सार्वजनिक सभांचा आपल्या समाजातला आधुनिक प्रवाह फार जुना नाही. १९१३ साली हर्डेकर मंजप्पा यांनी मृत्युंजय अप्पांच्या साहाय्याने दावणगेरे येथे बसव जयंती सार्वजनिक रीतीने साजरी केली. वचनपितामह फ. गु. हळकट्टी यांनी विजापुरात १९२६ साली ‘शिवानुभव’ हे नियतकालिक सुरू केले. याच वाटेवर पुढे गदगच्या तोंटदार्य मठाचे जगद्गुरू तोंटद सिद्धलिंग स्वामीजी चालले. १९७४ साली ते पीठावर आले आणि २०१८ साली लिंगैक्य झाले. दर आठवड्याच्या शिवानुभव सभेत त्यांनी निरनिराळ्या धर्मांच्या आणि विचारांच्या वक्त्यांना बोलावले आणि मठाला ग्रंथप्रकाशनाचे केंद्र बनविले.

सीमाभागातल्या मराठी वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. हेच स्वामीजी कन्नड भाषेच्या चळवळीत अग्रभागी होते. लोक त्यांना ‘कन्नडचे जगद्गुरू’ म्हणत. भाषेच्या प्रश्नावर त्यांचे मत आपल्यापैकी कित्येकांच्या मताहून वेगळे असेल. तरीही त्यांच्या उदाहरणातून शिकण्यासारखे हेच आहे की, आपल्या मतावर ठाम असलेला माणूसच निर्धास्तपणे दुसऱ्याचे ऐकू शकतो. आणि त्यांच्याशी भाषेच्या प्रश्नावर मतभेद ठेवूनही आपण त्यांच्याकडून शिकू शकतो, हीच आपल्या समजुतीची कसोटी नव्हे काय? मूळ कन्नड वचने मराठीतून वाचणारे आपण! दुसऱ्या भाषेच्या घरातून आलेले धन आपल्या देवघरात आहे, हे आपण तरी विसरू नये.

एक शंका

‘दुसऱ्याचे इतके ऐकले तर आपली निष्ठा सैल होणार नाही काय?’ पुष्कळ भक्तांच्या मनातली, विशेषतः वडीलधाऱ्यांच्या मनातली ही शंका खरी आहे. तिला हसण्यावारी नेऊ नये.

विचार करा, तळहातावर इष्टलिंग ठेवून ज्याची दृष्टी स्थिर झाली आहे, त्याला शेजारच्या घरातील दिव्याची भीती कशी वाटेल? भीती वाटते ती दृष्टी स्थिर नसलेल्याला. दुसऱ्याचा धर्म ऐकल्याने ज्याची निष्ठा डळमळते, त्याची निष्ठा ऐकण्याआधीच डळमळलेली होती. ऐकल्याने ती त्याला कळली एवढेच. आणि हे कळणेही लाभाचेच आहे.

तसेच, ‘सर्व धर्म एकच’ असे घाईने म्हणण्याची आवश्यकता नाही. नमाज आणि लिंगपूजा एक नव्हेत. त्या एक आहेत असे म्हणणे म्हणजे दोन्हींकडे नीट न पाहणे. भेद ओळखून आदर करणे कठीण आहे; भेद पुसून आदर करणे सोपे आहे, पण त्यात आदर कमी आणि आळस अधिक असतो.

मठाच्या सभेसाठी पाच नियम

आता आचरणाकडे वळू. पुढची व्याख्यानमाला आखताना आपल्या मठाच्या मंडळींनी एवढे करून पाहावे.

१. पाहुण्याच्या धर्माविषयी पाहुण्यानेच बोलावे, आणि शेवटी नव्हे तर प्रथम बोलावे. त्याला पूर्ण वेळ द्यावा.

२. जितका वेळ व्याख्यानाला, निदान त्याच्या निम्मा वेळ प्रश्नांना ठेवावा. प्रश्न जाणून घेण्यासाठी असावा, हरविण्यासाठी नसावा. पहिला प्रश्न भगिनींकडून यावा.

३. आपल्याविषयी पाहुण्याच्या मनात काही शंका असतील, तर त्या विचारण्याची त्याला मोकळीक द्यावी. बोचले तरी उत्तर द्यावे, हात वर करू नये, आवाजही चढवू नये.

४. दासोहाला पाहुण्यास आपल्याच पंक्तीत बसवावे. त्याच्या धर्मात काय चालते, काय चालत नाही, हे आधी विचारून घ्यावे. रमजानच्या दिवसांत दुपारच्या पंगतीचा आग्रह करणे हे आतिथ्य नव्हे.

५. वर्षाच्या आत आपण त्याच्याकडे जावे. तो एकदा आपल्या दारी आला. आता आपण त्याच्या दारी उभे राहावे, पाहुणा होऊन, खाली बसून ऐकावे. त्याशिवाय सभा पूर्ण झाली असे समजू नये.

यांतील पाचवा नियम सर्वांत कठीण आहे. यजमान होणे आपल्याला आवडते. परक्याच्या अंगणात चप्पल काढून बसणे जड जाते. पण बसवण्णा वचनात उभे राहिले ते नेमके त्याच जागी.

कायक म्हणजे केवळ हातांचे काम असे आपण समजतो. कानांनाही कायक आहे. शेतकऱ्याचे नांगरणे, विणकराचे विणणे जसे मन लावून, लोभ सोडून केले तर पूजा होते, तसेच मन लावून आणि ‘मीच बरोबर’ हा लोभ सोडून ऐकले तर ते ऐकणेही पूजाच होय. आणि कायक झाले की दासोह आलाच. ऐकलेले आपल्यापुरते ठेवू नका. घरी जाऊन मुलांना सांगा की आज शेजारच्या काकांनी आपल्या धर्माविषयी असे असे सांगितले.

चिंतनासाठी

१. माझ्या गल्लीत राहणाऱ्या अन्य धर्मीय कुटुंबाच्या एखाद्या सणाचा अर्थ मला त्यांच्या तोंडून ऐकलेला माहीत आहे काय?

२. मागील वर्षी मी ऐकलेल्या व्याख्यानांपैकी कोणत्या व्याख्यानाने माझे वागणे बदलले?

३. माझ्याविषयी ‘हा कोणाचा?’ असे कोणी विचारले होते, तो प्रसंग कोणता? तेव्हा मला काय वाटले होते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आठवले की या पाठाचा आशय निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

शरणु शरणार्थी.